स्वस्त आणि मोठा : महाराष्ट्रातील घरगुती दूरचित्रवाणी संचाचा इतिहास (१९७२ ते २०२५)

प्रास्ताविक

भारतातील दूरचित्रवाणीवर आजवर जे अभ्यासपूर्ण लेखन झाले, त्याचा रोख प्रामुख्याने प्रक्षेपणावर राहिला आहे. शासनाचे प्रसारणधोरण, मालिकांतील स्त्रीप्रतिमा, पौराणिक मालिका आणि राजकारण, उपग्रह वाहिन्यांचे आगमन या विषयांवर इंग्रजीत ग्रंथ आहेत व मराठीतही लेख सापडतात. परंतु ज्या संचावर हे सारे पाहिले गेले तो संच घरात कसा आला, कोठे ठेवला गेला, बिघडल्यावर कोणी दुरुस्त केला आणि अखेरीस कोठे गेला, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी क्वचितच विचारले. शेतीची अवजारे, वस्त्रे, भांडी यांचा इतिहास आपण केव्हाच मान्य केला आहे. बैठकीच्या खोलीतील या यंत्राला मात्र अद्याप ते भाग्य लाभलेले नाही.

प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रापुरता हा प्रश्न हाताळण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी ‘स्वस्तातला मोठा टीव्ही’ ही बाजारातील बोलीतून आलेली, अगदी अलीकडची वस्तू विचारात घेतली आहे. त्रेचाळीस, पन्नास किंवा पंचावन्न इंचांचा संच मध्यम व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या घरातील भिंतीवर दिसणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एका पिढीपूर्वी एवढा पडदा श्रीमंतांच्या घरीही विरळाच होता. हा बदल केवळ तंत्रज्ञानाने घडविला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मोठे कशास म्हणावयाचे हे बव्हंशी खोलीने आणि करखात्याने ठरविले, तर स्वस्त कशास म्हणावयाचे हे हप्त्याने ठरविले. शिवाय दुकानात उतरलेल्या किमतीचा काही भाग ग्राहक पुढील वर्षांत निराळ्या रूपाने फेडत असतो. हा दुसरा हिशेब सहसा मांडला जात नाही, म्हणून त्याचा विचार अखेरच्या भागात थोडा विस्ताराने केला आहे.

परवाना आणि शटर

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुणेकरांना दिसू लागले. १९७५-७६ मधील उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगात (‘साइट’) सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे निवडली होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता. परिणामी सत्तरच्या दशकात या राज्यातील दूरचित्रवाणी संच म्हणजे जवळजवळ पूर्णतः मुंबई-पुणे पट्ट्यातील वस्तू होती. मराठवाडा, विदर्भ व खानदेश यांच्या मोठ्या भागाला ऐंशीच्या दशकातील प्रक्षेपकांची वाट पाहावी लागली.

त्या काळी संच विकत घेऊन काम भागत नसे. तो बाळगण्यासाठी परवाना लागे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार ग्राहकयंत्र जवळ ठेवण्यासाठीच परवान्याची अट होती. रेडिओप्रमाणे टीव्हीच्याही परवान्याचे पुस्तक टपाल कार्यालयातून मिळे आणि दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ही पद्धत बंद झाली. आज ही पुस्तके जुन्या कपाटांत क्वचित आढळतात. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. खरेदीचे वर्ष, पत्ता आणि कुटुंबप्रमुखाचे नाव एकाच ठिकाणी देणारे असे दुसरे कागदपत्र या वस्तूबाबत उपलब्ध नाही. पावत्या हरवतात आणि हमीपत्रे मुदत संपताच फेकली जातात. परवान्याचे पुस्तक मात्र सरकारी असल्यामुळे लोक जपून ठेवीत.

संचाचे नेहमीचे माप वीस इंचांचे होते. लाकडी पेटी, चार पाय आणि पुढे सरकते शटर असे त्याचे रूप होते. काही शटरांना कुलूपही असे. या कुलपाकडे गमतीने पाहता येईल, पण ते सामाजिक दृष्ट्या बोलके आहे. चाळीत किंवा वाड्यात एक संच आला की तो एका कुटुंबाचा राहत नसे. शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी चित्रपट, ‘छायागीत’, ‘गजरा’ यांच्या वेळी शेजारची मुले दारात व उंबऱ्यावर बसत. संचाची मालकी एकाची, पाहणे अनेकांचे आणि ते कधी थांबवावे हे ठरविण्याचा अधिकार शटरची किल्ली ज्याच्याकडे त्याचा. वीस-पंचवीस माणसे वीस इंचांचा पडदा पाहत, तेव्हा तो लहान आहे असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. पडद्याचे मोठेपण तोवर इंचांत मोजले जात नव्हते.

रंगाचा प्रश्न

चैन आणि गरज यांच्यातील रेषा शासन कोठे आखते, हा प्रश्न दूरचित्रवाणी संचाच्या इतिहासात प्रथम उघडपणे उपस्थित झाला तो रंगाच्या निमित्ताने. १९८० ते १९८२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले वसंत साठे हे विदर्भातील नेते रंगीत प्रक्षेपणाचे आग्रही पुरस्कर्ते होते. ज्या देशात कोट्यवधी लोकांना पिण्याचे पाणी मिळत नाही तेथे रंगीत चित्रांची हौस कशासाठी, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. हा आक्षेप पोकळ नव्हता. रंगीत संच हा परकीय चलन खाणारा होता आणि त्याचे बरेच सुटे भाग बाहेरून येणार होते. तथापि १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रमाबरोबर रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील आशियाई क्रीडास्पर्धा रंगांत दिसल्या. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचे स्वरूप कसे असावे, याचा विचार करण्यासाठी पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगट नेमला गेला तो या निर्णयानंतर. यंत्र आधी आणि त्यावर काय दाखवावयाचे याचा विचार नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

पुढील काही वर्षांत महाराष्ट्र हा संचांच्या बाजारपेठेबरोबरच त्यांच्या उत्पादनाचाही प्रदेश बनला. मुंबईच्या मर्क इलेक्ट्रॉनिक्सने ‘ओनिडा’ बाजारात आणला. त्याच्या जाहिरातीतील शिंगे-शेपटीवाला सैतान एका पिढीच्या स्मरणात आहे. शेजाऱ्याच्या मत्सराला आवाहन करणारी ती जाहिरात वाड्यातील सामायिक पाहण्याचा काळ सरल्याची जणू जाहीर सूचनाच होती. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) धूत कुटुंबाने ‘व्हिडिओकॉन’ उभा केला. मराठवाड्यासारख्या औद्योगिकदृष्ट्या मागे राहिलेल्या विभागात संच बनू लागणे ही त्या विभागाच्या आर्थिक इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. या कारखान्यातील कामगारांचा इतिहास अद्याप स्वतंत्रपणे लिहिला जावयाचा आहे. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ सुरू झाले, तेव्हा ज्या संचांसमोर लोक हात जोडून बसले त्यांतील अनेक संच याच राज्यात जोडले गेलेले होते.

काचेचे वजन

नव्वदच्या दशकात परकीय कंपन्या आल्या, केबल आली आणि जुना संच द्या, नवा घ्या अशा योजनांनी बाजार हलवून सोडला. बॅरन इंटरनॅशनलने ‘अकाई’ संचांसाठी अशा योजना मोठ्या प्रमाणावर राबविल्या. किंमत आणि आकार यांची स्पर्धा खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. चौदा इंची, वीस-एकवीस इंची आणि एकोणतीस इंची असे तीन थर बाजारात रूढ झाले. लग्नात वराकडून होणाऱ्या मागण्यांतही हे आकडे ऐकू येऊ लागले, याची नोंद खेदाने का होईना, केली पाहिजे.

एकोणतीस इंचांच्या पलीकडे हा बाजार फारसा का गेला नाही, याचे उत्तर काचेत आहे. जुन्या संचाचा प्राण असलेली पिक्चर ट्यूब म्हणजे आतून निर्वात केलेले काचेचे भांडे. पडदा जितका मोठा, तितका बाहेरील हवेचा दाब अधिक आणि तो सोसण्यासाठी काच तितकी जाड करावी लागते. इलेक्ट्रॉनांचा झोत कोपऱ्यापर्यंत वळवावयाचा तर भांडे खोलही हवे. म्हणून पडदा वाढला की वजन त्याहून वेगाने वाढते. एकोणतीस इंची संच चाळीस किलोंच्या घरात किंवा त्याहून जड असे आणि खोलीतील सुमारे अर्धा मीटर जागा व्यापी. तो जिन्याने वर चढविण्यास दोन-तीन माणसे लागत. मुंबईतील बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका आरंभी २२५ चौरस फुटांची होती, पुढे ती २६९ व नंतर ३०० चौरस फुटांची झाली. अशा जागेत एकोणतीस इंची संच ठेवणे म्हणजे एका माणसाची झोपण्याची जागा देणे होय. मोठ्या पडद्याची मर्यादा पैशाइतकीच जागेचीही होती. सपाट पटलाने प्रथम नाहीशी केली ती ही खोली, आणि रुंदीची वाढ त्यामागून आली. भिंतीवर टांगलेला संच जमिनीवरील काहीच जागा घेत नाही. लहान घरांत मोठे पडदे का दिसतात, असे कुत्सितपणे विचारणाऱ्यांनी हा साधा हिशेब करून पाहावा.

येथे मापाविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण पुढे करआकारणीत त्याचा संबंध येतो. पडद्याचे माप कर्णात सांगितले जाते. जुन्या पडद्याची लांबी-उंची ४:३ या प्रमाणात, तर नव्याची १६:९ या प्रमाणात असते. जुन्या एकवीस इंची ट्यूबचा दृश्य कर्ण सुमारे ५१ सेंटिमीटर आणि एकोणतीस इंचीचा ६८ सेंटिमीटर होता. गणित केल्यास एकोणतीस इंची जुन्या पडद्याची दृश्य उंची सुमारे ४१ सेंटिमीटर येते, तर बत्तीस इंची नव्या पडद्याची ३९ ते ४० सेंटिमीटर. म्हणजे जुना संच मोडीत काढून बत्तीस इंची सपाट संच आणणाऱ्या कुटुंबाला जुनी मालिका पूर्वीपेक्षा किंचित लहानच दिसू लागली. ‘मोठा घेतला तरी माणसे लहान दिसतात’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार भूमितीच्या दृष्टीने अचूक होती. त्रेचाळीस इंचांचा पडदा मात्र क्षेत्रफळाने जुन्या एकवीस इंचीच्या सुमारे चौपट भरतो. आकारातील खरी उडी बत्तीसवर पडली नाही, ती त्रेचाळीसवर पडली.

काचेचा हा काळ संपत असतानाच औरंगाबादच्या उद्योगसमूहाने एक धाडस केले. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा रंगीत पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको व चीन येथील कारखाने त्यात होते. मराठवाड्यातून निघालेली कंपनी युरोपातील कारखान्यांची धनी झाली, याचा तेव्हा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. परंतु जगभर ट्यूबची मागणी सपाट पटलांमुळे झपाट्याने ओसरत होती. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉनचे प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले. कंपनीच्या अधोगतीस दूरसंचारसह इतरही कारणे होती. सर्व दोष ट्यूबवर टाकणे योग्य होणार नाही. मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘थॉमसन’ हे नाव भारतात पुन्हा अवतरले, ते परवान्याने नाव वापरून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त सपाट संचांवर. ‘कोडॅक’ हे छायाचित्रणाच्या फितीचे नावही अशाच संचांवर दिसू लागले. जुन्या उद्योगातील कारखाने गेले आणि नावे उरली. नावाला मिळणारा विश्वास वेगळा विकता येतो, हे या बाजाराने उघड केले.

इंचांवरचा कर

सपाट संचांच्या प्रसारात कराचा वाटा किती होता, हे पाहण्यासाठी विमानतळापासून आरंभ करावा लागेल. कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, तसेच गोव्यातील अनेक कुटुंबांचा आखाती देशांशी नोकरीनिमित्त संबंध आहे. रजेवर येताना दुबईहून सपाट टीव्ही आणणे ही २०१० च्या आसपास सर्वसामान्य गोष्ट होती. सामानाच्या करमुक्त मर्यादेत, जी २०१३ मध्ये ३५,००० रुपये होती, तो बसत असे. रुपयाची घसरण चालू असताना २६ ऑगस्ट २०१३ पासून केंद्र शासनाने प्रवाशांसोबत येणाऱ्या सपाट संचांची ही सवलत काढून घेतली आणि त्यांवर ३५ टक्के शुल्क व त्यावरील उपकर लागू केला. आखातातून येणारा मोठा पडदा त्यामुळे एका दिवसात महाग झाला.

देशी जोडणीला चालना देणे हे पुढील धोरणाचे सूत्र राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये आयात संचांवरील सीमाशुल्क १० वरून २० टक्के करण्यात आले आणि जुलै २०२० मध्ये रंगीत संचांची आयात ‘प्रतिबंधित’ प्रवर्गात टाकली गेली. दरम्यान १४ फेब्रुवारी २०१८ रोजी शाओमीने पंचावन्न इंची संच ३९,९९९ रुपयांना आणि पुढच्या महिन्यात त्रेचाळीस इंची संच २२,९९९ रुपयांना जाहीर केला. स्वस्तातला मोठा टीव्ही ही कल्पना सर्वतोमुखी झाली ती येथपासून. मुंबईची ‘व्हू’ ही कंपनी त्याआधीपासून याच वाटेने जात होती, हेही नोंदविले पाहिजे. ‘देशी’ संच म्हणजे देशात जोडलेला संच, एवढाच त्याचा अर्थ होता. संचाच्या किमतीतील सर्वांत मोठा घटक असलेले पटल, ज्याला व्यवहारात ‘ओपन सेल’ म्हणतात, ते बाहेरूनच आणले जाई. त्यावरील पाच टक्के शुल्क सप्टेंबर २०१९ मध्ये माफ झाले आणि १ ऑक्टोबर २०२० पासून पुन्हा लागले.

परंतु या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण दस्तऐवज वस्तू व सेवा कराच्या अधिसूचना होत. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला तेव्हा सर्व टीव्ही संच २८ टक्क्यांच्या, म्हणजे सर्वोच्च दराच्या, गटात होते. त्याच दिवशी मुंबईची जकात इतिहासजमा झाली. २७ जुलै २०१८ पासून ६८ सेंटिमीटरपर्यंतच्या पडद्यावरील दर १८ टक्के झाला. हा आकडा कोठून आला असावा? वर सांगितल्याप्रमाणे ६८ सेंटिमीटर हे जुन्या एकोणतीस इंची ट्यूबचे दृश्य माप आहे. काचेच्या युगातील ‘मोठ्या’ पडद्याची सीमा सपाट पडद्यांच्या युगात करसवलतीची सीमा म्हणून उतरली असावी, असे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. व्यवहारात मात्र ही सवलत बाजाराला चुकवून गेली. सपाट संचांत लोकप्रिय माप बत्तीस इंचांचे होते आणि ते ८० सेंटिमीटर भरते. पाच महिन्यांनी परिषदेने रेषा सरकविली. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यावर २८ टक्के अशी विभागणी झाली. पहिल्या अधिसूचनेत सेंटिमीटर आणि दुसरीत इंच, हा बदलही मौजेचा आहे. मेट्रिक पद्धतीचा कायदा करणाऱ्या शासनाने अखेर ग्राहकाचीच भाषा स्वीकारली.

पुढील सुमारे पावणेसात वर्षे भारतीय करव्यवस्थेच्या लेखी बत्तीस इंचांचा पडदा ही गरज आणि त्रेचाळीस इंचांचा पडदा ही चैन होती. त्रेचाळीस इंची संच बावीस-तेवीस हजारांत मिळत असतानाही तो चैनीच्या दरात राहिला. १९८२ मधील वादात निदान तत्त्वाचा प्रश्न होता. येथे उत्पन्न, किंमत, वापर यांपैकी कशाचाही विचार न करता केवळ कर्णाच्या लांबीवरून चैन ठरविली गेली. मूल्यावर आधारित रेषा आखणे शक्य होते. कपडे व पादत्राणे यांच्याबाबत तशी रेषा होतीही. टीव्हीबाबत आकाराची निवड प्रशासनाला सोयीची असेल, न्याय्य होती असे म्हणता येत नाही. एखाद्या नामांकित कंपनीचा महागडा बत्तीस इंची संच १८ टक्क्यांत आणि साधा त्रेचाळीस इंची २८ टक्क्यांत, अशी विसंगती त्यातून उद्भवली.

२०२० च्या टाळेबंदीत ही विसंगती अधिक बोचरी झाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाई, तेथे टीव्ही हाच वर्ग होता. दोन-तीन मुले एका खोलीत बसून पडद्यावरील अक्षरे वाचू पाहत असतील तर पडद्याचा आकार हा शैक्षणिक प्रश्न ठरतो. बत्तीस इंचांच्या वरचा पडदा त्या काळातही चैनच राहिला.

ही रेषा पुसली गेली ती २०२५ मध्ये. ३ सप्टेंबर २०२५ रोजीच्या बैठकीत परिषदेने मोठ्या संचांवरील दरही १८ टक्के केला आणि तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, अमलात आला. करपूर्व किंमत ४०,००० रुपये धरल्यास संच ५१,२०० ऐवजी ४७,२०० रुपयांना पडू लागला. दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर मोठी खरेदी करण्याची महाराष्ट्रातील रीत पाहता या तारखेची निवड व्यापाऱ्यांना मानवली यात शंका नाही.

संच घरी आल्यानंतर

आता दुसऱ्या हिशेबाकडे वळू. स्वस्त मोठा संच बहुधा रोखीने घेतला जात नाही. दुकानातील फलकावर पूर्ण किमतीपेक्षा मासिक हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर आक्षेप घेतला, कारण व्याज प्रक्रियाशुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत लपविले जात होते. त्यानंतर ‘विनाखर्च हप्ता’ हे नाव रूढ झाले आणि त्यात व्याजाचा भार बहुधा उत्पादक किंवा विक्रेता सवलतीच्या रूपाने उचलू लागला. ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम एवढाच की बत्तीस आणि त्रेचाळीस यांतील फरक आठ-दहा हजारांचा न राहता दरमहा काही शे रुपयांचा दिसू लागला. पूर्वी भिशी लागेपर्यंत किंवा बोनस येईपर्यंत थांबावे लागे. त्या थांबण्यात घरात चर्चा होई, शेजाऱ्याचा संच पाहून येणे होई. आता निर्णय दुकानात उभ्या उभ्या होतो.

घरी आल्यावर पहिली उणीव आवाजाची जाणवते. जुन्या लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकच्या पेटीत ध्वनीला पोकळी मिळत असे. दोन-तीन इंच जाडीच्या संचात लहान स्पीकर खाली तोंड करून बसविलेले असतात. पंखा चालू असताना संवाद कळत नाहीत, म्हणून काही महिन्यांत साउंडबार येतो. दुसरी उणीव चित्राची. डीडी फ्री डिश किंवा साधी केबल यांवरील अनेक वाहिन्या जुन्या, कमी तपशिलाच्या मापातच प्रक्षेपित होत. ते चित्र चौपट क्षेत्रावर ताणले की चेहरे पुसट होतात. मोठ्या पडद्याचे सार्थक व्हावयाचे तर उच्च दर्जाच्या वाहिन्यांचे वेगळे पैसे मोजावे लागतात किंवा घरी इंटरनेटची जोडणी घ्यावी लागते. तिसरी गोष्ट अधिक नवी आहे. हे संच वस्तुतः संगणक आहेत आणि स्वस्त संचातील स्मृती व प्रक्रियक बेताचे असतात. दोन-तीन वर्षांत पडदा उत्तम असूनही यंत्र मंदावते, अद्ययावतीकरण थांबते आणि काही अनुप्रयोग चालेनासे होतात. मुख्य पटलावर जाहिराती दिसतात. म्हणजे संच विकत घेतल्यावरही त्याचा दर्शनी भाग कंपनीकडेच राहतो. पूर्वी परवान्याचे शुल्क शासन घेत होते. आता घराच्या भिंतीवरील जागेचे भाडे दुसराच कोणी वसूल करतो, आणि ते आपल्याला मिळत नाही.

सर्वांत मोठा बदल दुरुस्तीत झाला. जुन्या संचात एलओटी जळे, ट्यूबचे रंग उतरत, ट्यूनर बिघडे, आणि हे सारे गल्लीतील मेकॅनिक दुरुस्त करी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथून सुटे भाग तालुक्याच्या गावापर्यंत जात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून किंवा एखाद्या खासगी वर्गातून ‘रेडिओ-टीव्ही दुरुस्ती’ शिकलेला तरुण त्यावर संसार चालवी. एक संच पंधरा-वीस वर्षे टिके तो कंपनीच्या कौशल्याइतकाच या माणसाच्या कौशल्यामुळे. सपाट संचातही मागील प्रकाशाच्या एलईडी पट्ट्या किंवा वीजपुरवठ्याचा बोर्ड बदलता येतो आणि हुशार मेकॅनिक ते करतात. परंतु पटलाला तडा गेला, उभी रेघ पडली, की त्याच्या हाती काही उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरातील संचावर हमी संपल्यानंतर अशी रेघ उमटली तेव्हा कंपनीच्या सेवाकेंद्राने पटलबदलाचा जो खर्च सांगितला तो नव्या संचाच्या किमतीच्या जवळ जाणारा होता. नेहमीच्या मेकॅनिकने रेघेकडे पाहिले आणि पैसे न घेता तो निघून गेला. असा अनुभव अनेक सहकाऱ्यांनीही सांगितला. संचाची किंमत निम्म्यावर आली आणि आयुष्यही निम्म्यावर आले, तर ग्राहकाचा वार्षिक खर्च उतरला असे म्हणता येत नाही. मेकॅनिकचे उत्पन्न मात्र निश्चितपणे गेले. त्यांतील अनेक जण मोबाइल दुरुस्ती, सीसीटीव्ही जोडणी किंवा भिंतीवर संच बसवून देणे या कामांकडे वळले आहेत.

२००१ च्या जनगणनेत देशातील ३१.६ टक्के कुटुंबांकडे टीव्ही होता, २०११ मध्ये ४७.२ टक्के. या दशकात घरी आलेल्या संचांचा मोठा भाग काचेच्या ट्यूबचा होता आणि तो पुढील पंधरा वर्षांत घराबाहेर पडला. ट्यूबच्या मागील नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत शिसे असते. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. तथापि बहुतेक संच अधिकृत संकलन केंद्रापेक्षा हातगाडीवरील भंगारवाल्याकडे गेले, याचे कारण साधे आहे. ट्यूबच्या मानेवरील गुंडाळ्यांत तांबे असते आणि तांब्याला भाव मिळतो. मान तोडून तांबे काढले की शिशाची काच उकिरड्यावर राहते. सपाट संचात तांबे फारच थोडे. पटल तडकलेला पंचावन्न इंची संच भंगारात द्यावयास गेल्यास बाहेरचा पत्रा व आतील बोर्ड एवढ्याचाच भाव होतो. म्हणून असे संच पोटमाळ्यावर, पलंगाखाली किंवा सोसायटीच्या जिन्याखाली उभे करून ठेवलेले आढळतात.